एक पाय चरात

धुक्याबद्दल चांगलं बोलणारा माणूस मला रत्नागिरीत अजून भेटायचा आहे. पौषात धुकं पडलं की आंबेवाले मान वर करून मोहोराखाली उभे राहतात आणि तोंडातल्या तोंडात शिव्या घालतात, कारण ओला मोहोर काळा पडतो. मिऱ्याच्या खलाशांपुढे धुक्याचं नाव काढलं तर ते पान थुंकतात आणि विषय बदलतात. आमच्या घरचं म्हणणं असं की धुक्यात सांडगे वाळत नाहीत आणि माणसं वेळेवर उठत नाहीत. यातलं दुसरं कलम कोणाला उद्देशून आहे ते सांगायची गरज नाही.

माझं धुकं पौषातलं नव्हे. ते श्रावणातलं, आंबा घाटातलं. खरं म्हणजे त्याला धुकं म्हणणंही चूकच. पाऊस जरा दमला की ढगच डोंगरावरून खाली येतात आणि रस्त्यात बसकण मारतात, घरच्यासारखे. आज सकाळी कोल्हापूरची गाडी स्टँडवर लागली तेव्हा इथं चक्क ऊन होतं, आणि तिच्या टपावरच्या ताडपत्रीतून मात्र पाणी निथळत होतं. ड्रायव्हर उतरला, खांद्यावरचा पंचा पिळला आणि मला म्हणाला, "घाट भरलाय." मी तिकिटाच्या खिडकीतून मान हलवली. दोन शब्दांत आमचं बोलणं संपलं, आणि माझा सगळा दिवस मात्र त्या दोन शब्दांत गेला. पालीला जाणाऱ्या एका म्हाताऱ्याला मी लांज्याचं तिकीट दिलं. त्याने ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि मला विचारलं, तुमची तब्येत बरी आहे ना?

तब्येत बरी आहे. उजवं मनगट तेवढं बरं नाही. गेल्या साली मोटारीचं हँडल मारताना ते उलटं फिरलं आणि मनगटाचे तुकडे झाले. तेव्हापासून मी तिकिटं फाडतो. त्याआधी मात्र बारा-तेरा वर्षं मी त्याच घाटातून सर्व्हिसची मोटार चालवत होतो, आणि ही गोष्ट त्यातल्या अगदी सुरुवातीच्या दिवसांतली. तिला गोष्ट म्हणावं की नाही तेही मला नीट कळत नाही. एका श्रावणातला एक दिवस, एवढंच ते आहे.

आताच्या पोरांना विजेच्या दिव्यांच्या बंद मोटारी मिळतात, म्हणून ती घाटाला घाबरत नाहीत. आमच्या वेळच्या मोटारीला बाजूंनी काचा नव्हत्या, किंतानाचे पडदे होते. पाऊस आला की ते खाली सोडायचे आणि आतल्या दहा-बारा माणसांनी एकमेकांच्या श्वासात प्रवास करायचा. दिवे कार्बाइडचे. टाकीत खडे घालायचे, वरून पाण्याचे थेंब सोडायचे आणि काडी लावायची. त्याला लसणीसारखा उग्र वास यायचा आणि तो दोन दोन दिवस कपड्यांतून जात नसे. भोंगा रबराचा, हाताने दाबायचा. पुढच्या काचेवर तंबाखू चोळली की पावसाचे थेंब ठरत नाहीत, असं जुने ड्रायव्हर छातीठोकपणे सांगत. मी चोळून पाहिली. थेंब ठरत. शेवटी काच वर उचलून सगळा पाऊस तोंडावर घेतच गाडी हाकावी लागे.

आषाढ लागला की बंदर बंद व्हायचं. मुंबईच्या बोटी थेट नारळी पुनवेच्या सुमारास यायच्या. तोवर सगळ्या रत्नागिरीचं तोंड घाटाकडे. मुंबईला निघालेला चाकरमानी, कोल्हापूरला निघालेला वकील, माहेरपणाला निघालेली सून, सुकी मासळी घेऊन निघालेला व्यापारी, सगळे त्याच एका रस्त्याने. मला तेव्हा वाटायचं की पावसाळ्यात हे गाव माझ्या दोन हातांवर चाललेलं आहे. वय लहान असलं की माणसाला काहीही वाटतं.

माझ्या बाबांचं आणि त्या घाटाचं नातं माझ्याहून कितीतरी जुनं. आमची वाडी साखरप्याजवळ, घाटाच्या अगदी पायथ्याशी. बाबा गाडीवान. खालून मीठ, मासळी, नारळ वर न्यायचे आणि वरून गूळ, मिरची, तंबाखू खाली आणायची, हे त्यांनी जवळजवळ चाळीस वर्षं केलं. घरात थोडी भातशेती होती, पण ती आईची. बाबांचं लक्ष रस्त्यावर आणि बैलांवर. शेवटची जोडी होती हौश्या आणि सर्जा. हौश्या जरा पांढुरका, कपाळावर तांबूस ठिपका असलेला, भारी मानी बैल. बाबा घरात माणसांशी जेवढं बोलत त्याच्या दुप्पट गोठ्यात बोलत. आम्हा भावंडांना त्याचं वाईट वाटायचं नाही. आम्हाला वाटायचं, गाडीवान असाच असतो.

मराठी सातवी होऊन मी मोटारीवर गेलो हे त्यांना आवडलं नव्हतं, पण ते तसं बोलले नाहीत. कोटाच्या बाहीवर पितळी बिल्ला लावून घरी आलो तेव्हा त्यांनी तो हातात घेतला, वजन पाहिल्यासारखा खालीवर केला आणि परत दिला. म्हणाले, संभाळ. त्या शब्दावर मी आठवडाभर खूश होतो.

मग तो आठवडा संपला. नाणिजच्या उतारावर समोरून बाबांची बैलगाडी येताना दिसली. गाडीत मिठाच्या गोण्या, बाबा जुवाशी बसलेले, ऊन स्वच्छ. माझ्या अंगावर खाकी कोट, हातात चाक, मागे दहा माणसं. त्यांनी मला एकदा बघावं, यापलीकडे माझ्या मनात काही नव्हतं. हात भोंग्यावर गेला. एकदा नव्हे, तीनदा वाजवला, तोही अगदी जवळ गेल्यावर.

हौश्याने एवढ्या जवळून भोंगा कधी ऐकला नव्हता. तो उधळला, सर्जा त्याच्याबरोबर ओढला गेला आणि गाडी कडेच्या खड्ड्यात कलंडली. बाबांना खरचटलंसुद्धा नाही. हौश्याचा पुढचा पाय मात्र मोडला. मी मोटार थांबवून धावत गेलो. बाबा गुडघ्यांवर बसून बैलाच्या मानेवरचं जू सोडवत होते. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. तसं त्यांनी पाहावं म्हणूनच तर मी भोंगा वाजवला होता.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. मारलं असतं तरी चाललं असतं. त्यांनी फक्त माझ्याशी बोलणं बंद केलं.

लोक म्हणाले, आता हा बैल ठेवून काय करायचा? बाबांनी ऐकलं नाही. बांबूच्या कामट्या लावून पाय बांधला, रोज तेल चोळलं. पाय जुळला, पण वाकडा. हौश्या गोठ्यातून अंगणात आणि अंगणातून गोठ्यात एवढंच चालू लागला. एका बैलावर गाडी चालत नाही, म्हणून सर्जा भावकीत नांगराला दिला. गाडी पडवीत उभी राहिली. तिच्या चाकांवर कोंबड्या बसू लागल्या, आणि बाबा गाडीकडे पाठ करून ओटीवर बसू लागले.

आमच्या भागात रुसलेली माणसं घर सोडून जात नाहीत. ती तिथंच राहतात, एकाच पंगतीत जेवतात, आणि मधे एक माणूस ठेवून बोलतात. आमच्या घरात ते काम आईकडे आलं. मी आणि बाबा हातभर अंतरावर बसलेले, आणि बाबा चुलीकडे तोंड करून म्हणायचे, "त्येला सांग, पेज निवली." आई बिचारी पहिले काही महिने सगळा निरोप पुन्हा म्हणून दाखवी. मग ती नुसतं "ऐकलंस?" म्हणू लागली. पुढे पुढे तर नुसता पळा हलवायची. पळा उजवीकडे हलला की बाबा मला बोलले असं समजायचं, डावीकडे हलला की मी बाबांना. वाडीतल्या बायका हसायच्या. मीही हसायचो.

दोन वर्षं असं चाललं. मला काय हवं होतं? क्षमा वगैरे मोठे शब्द मला तेव्हा सुचत नव्हते. बाबांनी माझ्याकडे तोंड करून, मला म्हणून, एक शब्द बोलावा एवढंच मला हवं होतं. शिवी चालली असती.

त्या श्रावणात माझ्या बहिणीला, गोदूला, दुसरा मुलगा झाला. ती आंब्याला दिलेली, म्हणजे घाट चढला की लागलीच जे गाव लागतं तिथं. बारशाला पाळणा आजोळचा. फणसाच्या लाकडाचा पाळणा बाबांनी वाडीतल्या सुताराकडून करवून घेतला, स्वतः बसून त्याला काचेच्या तुकड्याने घासून गुळगुळीत केला. तो न्यायचा कसा, हा प्रश्न घरात आठ दिवस कोणी काढला नाही. बैलगाडी पडवीत होती. चालत न्यावा तर आईचे गुडघे घाट चढण्यातले उरले नव्हते. बारशाच्या आदल्या दिवशी सकाळी आईनेच मला सांगितलं, तुझ्या मोटारीत दोन जागा ठेव. मी बाबांकडे पाहिलं. ते मुंडासं बांधत होते. त्यांनी पळ्याकडेसुद्धा पाहिलं नाही.

साखरप्याला ते दोघं चढले. बाबांनी मोटारीला हात न लावता पाय वर टाकला आणि अगदी मागच्या बाकावर, पाळणा मांडीवर घेऊन बसले. टपावर ठेवतो म्हटलं तर आईनेच हाताने नको केलं. शेजारी रत्नागिरीचे हसनमियां होते, सुक्या मासळीचे व्यापारी, माझे नेहमीचे उतारू. मासळीच्या करंड्या टपावर होत्या, पण वास सगळ्यांबरोबर आत बसला होता. आणखी चारपाच माणसं, बस्. पावसाळ्यात माणसं कमी म्हणून मालक क्लीनर देत नसे; हँडल मारण्यापासून चाकाला दगड लावण्यापर्यंत सगळं माझ्याकडेच.

पायथ्याला बरं दिसत होतं. दोन वळणं चढलो आणि तिसऱ्याला समोरचा डोंगर नाहीसा झाला. मग रस्ता गेला. मग मोटारीचं नाकसुद्धा दिसेना. मी दिवे लावले, तर समोर एक पिवळी भिंतच उभी राहिली. धुकं एवढं दाट झालं की थांबायचं आणि ते विरळ होण्याची वाट पाहायची, असा आमचा नियम होता. मी थांबलो, उतरून चाकांना दगड लावले, इंजिन बंद केलं.

इंजिन बंद केल्यावर घाट बोलायला लागतो. आधी काही ऐकू येत नाही, मग एकेक आवाज उलगडतो. पानांवरून पडणारं पाणी. डोंगराच्या कडेच्या चरातून वाहणारं पाणी. खाली दूर, कुठं ते कळत नाही अशा ठिकाणी, ओढा. माणसं आपोआप हळू बोलू लागतात, देवळात बसल्यासारखी. मला ती वेळ आवडायची हे मी कोणाला सांगितलं नाही, कारण उतारू वैतागलेले असायचे. पुढेही कितीदा तरी मी घाटात असा थांबलो असेन. पण धुक्यात इंजिन बंद केलं की माझे कान मागच्या बाकाकडेच लागायचे.

तासभर गेला असेल. धुकं विरळ होण्याऐवजी पडद्यांतून आत आलं. मी वळणावर उभा होतो, आणि वरून एखादी मोटार उतरली तर ती सरळ आमच्यावर येणार हे मला कळत होतं. ते मी बोललो नाही. मागून बाबांचा आवाज आला, "त्येला सांग, बैल आसतं तर आतापोत गोदूच्या दारात आसताव."

आईजवळ पळा नव्हता. ती म्हणाली, ऐकलंस? मी तिलाच म्हटलं की बैलांना धुक्यातलं दिसतं, मोटारीला दिसत नाही, त्याला मी काय करू? मग बाबा म्हणाले की बैलांनाही दिसत नाही. गाडीवानाला वाट ठाऊक असते. तेही त्यांनी आईलाच सांगितलं. आणि पाळणा हसनमियांच्या मांडीवर ठेवून ते खाली उतरले.

मोटारीला वळसा घालून ते पुढे आले तेव्हा मला फक्त मुंडाशाचा पांढरा ठिपका दिसला. मग तो ठिपका लांब झाला. बाबांनी मुंडासं सोडलं होतं. जन्मात मी त्यांना रस्त्यावर बोडक्या डोक्याने पाहिलं नव्हतं. आंघोळीनंतरसुद्धा ते आधी डोक्याला गुंडाळत आणि मग बाकीचं. त्यांनी ते कापड गळ्याभोवती एक वेढा देऊन पाठीवर मोकळं सोडलं. वहाणा काढून कंबरेला खोवल्या. मग ते डोंगराच्या कडेला गेले आणि डावा पाय चरात, वाहत्या पाण्यात ठेवला. आणि वळून म्हणाले, "ते दिवे मालव."

मधे कोणी नव्हतं. आई मागे, पडद्याआड. धुकं, बाबा आणि मी. मला कळायला थोडा वेळ लागला. मग मी धडपडत उतरलो, दिव्यांच्या पाण्याच्या चाव्या बंद केल्या, ज्योती विझेपर्यंत तिथंच उभा राहिलो. दिवे विझल्यावर पिवळी भिंत गेली. पुढे राखाडी अंधूकपणा होता आणि त्यात ती पांढरी पट्टी चांगली दिसत होती. दिवे नसताना जास्त दिसतं हे मला दोन वर्षांच्या ड्रायव्हरीत कोणी शिकवलं नव्हतं.

"चल," बाबा म्हणाले.

गाडीवानांची ही जुनी रीत. धुकं पडलं की गाडीतून उतरायचं, बैलाची वेसण हातात घ्यायची आणि एक पाय चरात ठेवून चालायचं. पायावरून पाणी वाहतंय तोवर डोंगर जवळ आहे आणि दरी लांब. रस्त्याखालून मोरी गेलेली असते तिथं पाणी आत वळतं आणि पाय कोरडा पडतो. कोरडा पाय म्हणजे थांब. मग बोटांनी चाचपत पुढे जायचं, पुन्हा पाणी लागलं की गाडीला हाक द्यायची. बाबांना मोऱ्या पाठ होत्या, आणि कुठली मोरी वळणाच्या आधी, कुठली नंतर, तेही. मी आयुष्यभर तो रस्ता डोळ्यांनी ओळखला. त्यांना तो तळपायाने येत होता.

चाकांचे दगड काढून, हँडल मारून, पहिल्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीने, मी त्यांच्या पाठीमागून निघालो. मोरी आली की हात वर व्हायचा आणि मी ब्रेकवर उभा राहायचो. पाणी सापडलं की आवाज यायचा, "हो हो हो, हां, ये." जीभ टाळूला लावून बाबा चकचक आवाज काढायचे आणि मी क्लच सोडायचो. ही सगळी बैलांना द्यायची बोली. मागे कोणीतरी खुसखुसलं. मला लाज वाटली नाही. बाबा हौश्याशी जसं बोलत तसं माझ्याशी बोलत होते, आणि आमच्या घरात याहून मोठा मान कोणाला मिळालेला नव्हता. हसनमियांनी मागून विचारलं की पाळणा देऊन पुढं चालणारा हा माणूस कोण, सर्व्हिसचा आहे का. मी म्हटलं, माझे बाबा.

त्यांच्या डोक्यावर मागच्या बाजूला टक्कल पडलं होतं, तेव्हा कळलं. मान बारीक झाली होती. लहानपणी मी त्यांच्या मागे मागे बाजाराला जायचो तेव्हा त्यांची पाठ मला दारासारखी वाटायची. आता ती पाठ भिजून कापडाला चिकटली होती आणि हाडं मोजता आली असती. बाबा म्हातारे होत होते आणि ती दोन वर्षं मी पळ्याकडे बघण्यात घालवली होती. मला रडू आलं. काच वर उचललेली होती, तोंड आधीच ओलं होतं, त्यामुळे कोणाला कळलं नाही.

निम्मा घाट चढलो असू. एकाएकी वरून घुंगरांचा आवाज आला. बैलगाडी उतरत होती, आणि जवळ होती. माझा हात सवयीने भोंग्यावर गेला, आणि भाजल्यासारखा मी तो मागे घेतला. बाबांनी तोंडाशी हात धरून लांबलचक हाक दिली. धुक्यातून तशीच हाक परत आली. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "मशिन बंद कर. बैल जावदेत."

मी इंजिन बंद केलं. वरच्या गाडीवानाला बाबांनी थांबवलेलं ऐकू आलं, दोघांचं काहीतरी बोलणं झालं. आणि मग ती पांढरी पट्टी माझ्या समोरून नाहीशी झाली, कारण बाबांनी मुंडासं काढून मोटारीच्या बाजूच्या बैलाच्या डोळ्यांवर टाकलं होतं. मी काही न बघता बसून राहिलो. चाकांची करकर, खुरांचा आवाज, बैलांच्या अंगाचा ऊबदार वास, आणि बाबांचं सतत चाललेलं पुटपुटणं, काय नाय रे, काय नाय, चल माज्या राजा. बैल मोटारीला इतका लगटून गेला की त्याच्या बरगड्या मडगार्डला घासल्या. तो बुजला नाही. घुंगरं खाली खाली जाऊन ऐकू येईनाशी झाली.

बाबा परत आले आणि चाकाशी, माझ्या अगदी जवळ उभे राहून कापड पिळू लागले. मी म्हटलं, "बाबा, माजां चुकलां."

त्यांनी कापड पिळून संपवलं. झटकलं. पुन्हा गळ्याभोवती घेतलं. मग म्हणाले, "ठाव हाय मला. चल, बारशाची येळ होईल."

आंब्याला पोचलो तेव्हा बारसं अजून व्हायचं होतं. वरही धुकंच होतं, पण त्यात घरं होती, चुलीचा धूर होता. बाबांचा डावा पाय पांढराफटक पडून सुरकुतला होता आणि पोटरीला तीन जळवा टम्म फुगून लटकल्या होत्या. हसनमियांनी करंडी उघडून मासळीवरचं खडेमीठ चिमूटभर आणून दिलं, आणि आईने बडबड करत एकेक जळू सोडवली. बाबा तिला म्हणाले, "त्येला—" आणि थांबले. मग मला म्हणाले, "तू च्या पिऊन घे." आई मिठाचे हात पुसत म्हणाली की आता घरात आपल्याला कामच उरलं नाही. आम्ही तिघंही हसलो, पण तिघंही वेगवेगळीकडे बघून.

त्यानंतर बाबा माझ्याशी भरभरून बोलू लागले असं काही झालं नाही. ते मुळात बोलणारे नव्हतेच. हौश्या त्यानंतर दोन पावसाळे जगला. बाबांना जाऊनही आता पाच वर्षं झाली, आणि गोदूचा तो मुलगा पाळण्यातून उठून आता माझ्याकडेच फुकट तिकीट मागायला येतो. पण आज दिवसभर माझ्या डोळ्यांपुढे राहिला तो चढण्याचा दिवस नव्हे, उतरण्याचा.

मी कोल्हापूरला जाऊन तिसऱ्या दिवशी खाली निघालो. आंब्याला आईबाबा रस्त्यावर उभे होते. त्या दिवशी आकाश धुतल्यासारखं निवळलेलं. आई मागे बसली. बाबा मात्र न विचारता पुढे, माझ्या शेजारी चढून बसले. घाट सुरू झाला आणि धुक्यात झाकलेलं सगळं दिसू लागलं. थोडं खाली आल्यावर एक वळण आहे, तिथं कठड्याचे दगड संपतात आणि दरी एकदम पायाशी येते. लहानपणी बाबांबरोबर गाडीतून येताना त्या जागी ते मला नेहमी सांगायचे की गोणीत तोंड खुपस आणि झोप. मी झोपायचो. मला किती जपतात, असं मला वाटायचं.

मी वळण घेतलं, तेव्हा बाबांनी समोरची दांडी धरली. बोटांची पेरं पांढरी पडली होती.

मी विचारलं, "बाबा, भ्या वाटतां?"

ते दरीकडे बघत राहिले. "चाळीस वरसां वाटतां," ते म्हणाले. "म्हनून तर तुला निजवायचो. माजां तोंड तू बगू नयेस म्हनून."

मी मोटार अगदी हळू केली. आणि बाबांनी मान वळवली, सरळ माझ्याकडे, आणि वळण संपेपर्यंत मला ते तोंड बघू दिलं.